कातळाची साक्ष केव्हाची?



या मांडवात मी गेली पुष्कळ वर्षे येत आहे, पण समोरच्या बाजूला बसणारा म्हणून. येथे उभे राहून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. चालकांनी मला निरोप दिला तेव्हा 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' असा विषय सुचविला होता. मी त्यांना म्हटले, "त्या विषयावर मी वर्षभर गेटसमोर बोलतच असतो. वसंत ऋतूतला एक दिवस तरी मला दुसरे काही बोलू द्या." त्यांनी ते मानले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आज मी दगडाविषयी बोलणार आहे. दगडात पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद कशी राहते, आणि जमिनीखालचे कढत पाणी त्या नोंदीत कशी खाडाखोड करते, हा माझा विषय. माझे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात, आणि माझ्याहून जाणत्या माणसांना विचारून. भूशास्त्राचे पहिले पुस्तक हाती आले ते चाळिशी उलटल्यावर. तेव्हा माझ्या सांगण्यात काही चुकले, तर सभेत बसलेल्या प्राध्यापक मंडळींनी मागाहून कान धरावा. तो धरून घेण्याची मला सवय आहे.

या विषयाची मला गोडी लागली ती एका दगडखाणीत. दहाएक वर्षांपूर्वी आमच्या युनियनचे काम खाणकामगारांत सुरू झाले होते. एके सकाळी तेथे एक प्राध्यापिका आणि त्यांचे दोन विद्यार्थी आले. त्यांच्याजवळ हातात धरायचे लहानसे ड्रिल होते. त्याने ते कातळातून अंगठ्याएवढी जाड दगडी कांडी काढत. पण कांडी बाहेर काढण्यापूर्वी तिच्यावर बाणाची खूण करीत, होकायंत्राने दिशा घेत आणि पुन्हा सूर्याच्या सावलीवरूनही दिशा ताडून पाहत. आमच्या मंडळींना वाटले, सरकारी मोजणी आली. मी पुढे होऊन विचारले, "मॅडम, मोजणी कसली? रॉयल्टीची का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नाही हो. हा दगड कुठून आला ते बघतोय." आमचे वृद्ध मिस्त्री शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "दगड कुठून येतोय? तो इथलाच. येऊन-जाऊन असतो तो आपण."

सगळे हसले. पण पुढे जे घडले ते माझ्या अधिक लक्षात राहिले. खाणीच्या एका अंगाला कातळात उभी भेग होती. तिच्यात पांढऱ्या, चकाकत्या गारगोट्या भरलेल्या होत्या आणि भेगेच्या दोन्ही बाजूंचा दगड हिरवट पडला होता. एका विद्यार्थ्याने तेथे ड्रिल लावले, तसे मिस्त्री म्हणाले, "तिथला घेऊ नका. बद्द वाजतो तो." त्यांनी हातोडी मारून दाखविली. चांगला कातळ खणखणीत वाजतो. तो दगड मडके फुटल्यासारखा वाजला. प्राध्यापिका म्हणाल्या, "बाबा बरोबर सांगताहेत. तो पाण्याने खाल्लेला दगड आहे. त्याची साक्ष वेगळी येईल."

'साक्ष' हा शब्द मी कोर्टात शेकडो वेळा ऐकला होता. दगडाच्या तोंडी तो प्रथमच ऐकला. तेथून मी वाचीत सुटलो.

प्रथम, दगडात चुंबकत्व येते कोठून? ज्यांनी कारखान्यात काम केले आहे त्यांना हे समजणे सोपे आहे. खाणींच्या कामाआधी मी ग्राइंडिंग खात्यात होतो. तेथे लोखंडी जॉब चुंबकाच्या चकावर बसवून घासतात. चकावरून उतरलेला जॉब स्वतःच थोडा चुंबक झालेला असतो आणि त्याला लोखंडाचा कीस चिकटतो. म्हणून तो डीमॅग्नेटायझरवरून फिरवून मगच पुढे पाठवायचा. लोखंड शेजारच्या चुंबकाची आठवण धरते, हे मी असे पाहिले. भट्टीवरच्या माणसांनी दुसरी गोष्ट पाहिलेली असते. लोखंड चांगले लाल झाले की लोहचुंबक त्याला धरत नाही. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचा हा गुण जातो आणि थंड झाल्यावर परत येतो.

आपल्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. शुद्ध मॅग्नेटाइटचा हा गुण सुमारे ५८० अंशांना जातो. हेमॅटाइट म्हणून दुसरे, तांबडे लोहखनिज आहे. त्याचा ६७५ अंशांच्या आसपास. लाव्हा ओतला जातो तेव्हा तो याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. तो निवत निवत या तापमानाच्या खाली आला, की त्यातले कण त्या वेळच्या, त्या ठिकाणच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरतात. आणखी निवल्यावर ती दिशा आत पक्की होते. पुढे तो दगड जेथे जाईल तेथे ती दिशा त्याच्याबरोबर जाते.

ही दिशा नुसती उत्तर-दक्षिण नसते. मोकळी टांगलेली चुंबकसुई खाली-वरही कलते. विषुववृत्तावर ती जवळजवळ आडवी असते. उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक खाली झुकते, दक्षिण गोलार्धात ते वर उचलले जाते, आणि ध्रुवाकडे जावे तसा हा कल वाढत जातो. तेव्हा दगडातला कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर निवाला, याचा हिशेब करता येतो. मुंबईचा अक्षांश सुमारे १९ उत्तर. दीर्घ काळाची सरासरी घेतली, तर या अक्षांशाला उत्तर टोक सुमारे ३४ अंश खाली झुकलेले असावे. पण दख्खनच्या कातळात तसे आढळत नाही. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या लंडनच्या संशोधकांनी भारतातल्या खडकांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांच्या मागे पी. एम. एस. ब्लॅकेट यांची प्रयोगशाळा आणि त्यांचे अतिशय नाजूक चुंबकमापक होते. आमच्या दख्खनच्या कातळातली रेघ उत्तरेकडे वर उचललेली निघाली, आणि तिचा कल मोठा होता. अर्थ असा, की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा ओतला गेला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तीस अंशांच्या आसपास होती. आमच्या मिस्त्रींचा दगड 'इथलाच' होता खरा, पण 'इथे'च दुसरीकडे होते!

येथे एक खुलासा केला पाहिजे. पृथ्वीचे चुंबकत्व अधूनमधून उलटते. उत्तर टोकाची जागा दक्षिण टोक घेते. फ्रान्समध्ये बर्नार ब्र्युन यांनी १९०६ साली आणि जपानमध्ये मातुयामा यांनी १९२९ साली हे दगडांवरून दाखविले. दख्खनचे पुष्कळसे थर अशा उलट्या काळातले आहेत. त्यांच्यात बाणाचे टोक उलट असते, पण रेघ तीच राहते. म्हणून वरचा हिशेब बिघडत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. खंड सरकले, भारत उत्तरेला आला, हे सारे आपण दगडाच्या साक्षीवरून बोलतो. पण ही साक्ष केव्हाची? दगड जन्मला तेव्हाची, की नंतर केव्हा तरी लिहिली गेलेली? दगडाचे वय आणि त्यातल्या नोंदीचे वय एकच असले पाहिजे, असा काही नियम नाही.

या ठिकाणी मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. फार वर्षांपूर्वी एका कारखान्यात काही हंगामी कामगारांना कायम करण्याचा वाद चालू होता. वर्षात २४० दिवस सलग काम भरले की नाही, यावर सारे अवलंबून होते. व्यवस्थापनाने हजेरीचे मस्टर पुढे आणले. मी ते पाहिले. बारा महिने एकच शाई, एकच हात, कोठे खाडाखोड नाही, कोठे चहाचा डाग नाही. कामगारांच्या आठवणीशी ते जुळत नव्हते. मी गेटसभेत सांगून टाकले की हे मस्टर बनावट आहे, आणि टाइम ऑफिसातल्या कारकुनाचे नाव घेऊन त्याला खोटारडा म्हटले. टाळ्या पडल्या.

पुढे कोर्टात उलगडा झाला. पावसाळ्यात ऑफिसात पाणी शिरून मूळ मस्टर भिजले होते. त्या गृहस्थाने जी पाने वाचता आली ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती. जी वाचता आली नाहीत, ती पगाराच्या एकूण रकमांवरून भरली होती. शेवटच्या पानावर नक्कल केल्याची तारीख टाकून स्वतःची सही केली होती. ते पान मी उलटून पाहिलेच नव्हते. शेवटी कामगारांच्या ट्रंकांतून जुन्या वेतनचिठ्ठ्या निघाल्या, त्यांवरून दिवस जुळविले आणि बहुतेकांचे काम झाले. पण कारकून खोटारडा नव्हता. अस्सल आणि बनावट या दोहोंच्या मध्ये तिसरा एक प्रकार असतो, हे मला ठाऊक नव्हते. ती नोंद खोटी नव्हती, नंतरची होती. मी पुढच्या गेटसभेत माफी मागितली. तोपर्यंत ते गृहस्थ निवृत्त होऊन गावी गेले होते.

दगडाच्या बाबतीत मस्टर भिजविणारे पाणी म्हणजे जमिनीखालचे तापलेले, खनिजे विरघळलेले पाणी. ते ज्वालामुखीच्या उष्णतेने तापते, नुसते खोलवर मुरूनही तापते. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी येथली गरम पाण्याची कुंडे आपण पाहिलेली आहेत. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्यांत आणि भेगांत असेच पाणी फिरले, आणि त्यातून झिओलाइट, कॅल्साइट, गारगोट्या यांचे स्फटिक तयार झाले. नाशिक, जळगाव, पुणे या भागांतले असले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आमच्या खाणीतली ती पांढरी भेग म्हणजे अशा पाण्याची जुनी वाट होती.

हे पाणी चुंबकीय नोंद तीन तऱ्हांनी बिघडविते.

पहिली तऱ्हा उष्णतेची. पाणी ५८० अंश तापलेले असण्याची गरज नाही. प्रयोगशाळेत जी आठवण पुसायला काही मिनिटे चढे तापमान लागते, तीच आठवण त्याहून पुष्कळ कमी तापमानात पुसली जाते. मात्र ते तापमान लाखो वर्षे टिकले पाहिजे. ऊष्मा आणि काळ यांचा हा हिशेब लुई नेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सिद्धांतातून निघाला. १९७५ साली पुल्लय्या, आयर्विंग, बुखान आणि डनलॉप यांनी मॅग्नेटाइट व हेमॅटाइट यांच्यासाठी त्याचे आलेख मांडले. भट्टीवाल्याला हे सांगावे लागत नाही. कमी आचेवर जास्त वेळ ठेवल्यानेही पोलादाचा कडकपणा उतरतो, हे तो रोज पाहतो.

दुसरी तऱ्हा नाशाची. पाणी मॅग्नेटाइटचे कण खाऊन टाकते. पाण्यात गंधक असेल तर लोह त्याच्याशी मिळून सोनमुखी, म्हणजे पायराइट, होते, आणि त्याला चुंबकाची आठवण राहत नाही. समुद्राच्या तळाशी याचा पुरावा दिसतो. १९७९ साली पॅसिफिक महासागराच्या तळावर काळ्या धुरासारखे कढत पाणी ओकणारी धुराडी सापडली. त्या पाण्याचे तापमान साडेतीनशे अंशांच्याही वर जाते. वरच्या समुद्राच्या भाराखाली असल्यामुळे त्याची वाफ होत नाही. अटलांटिक महासागराच्या मध्यभागी, २६ अंश उत्तरेला, 'टॅग' नावाचे असेच क्षेत्र आहे. तेथल्या जिवंत धुराड्याच्या ढिगाखालच्या खडकाचे चुंबकत्व आसपासच्या खडकाहून घटलेले आहे, असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसले. नोंद तेथे नुसती बदलली नाही, धुऊन गेली.

तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी. पाणी नवे कण जन्माला घालते. जुन्या खनिजातले लोह सोडवून त्याचे नवे मॅग्नेटाइट किंवा हेमॅटाइट बनविते. समुद्रतळाखालच्या ऑलिव्हिन खनिजाशी पाण्याचा संयोग होऊन सर्पेंटाइन तयार होते तेव्हाही मॅग्नेटाइट सुटे पडते. हा नवा कण अगदी लहान असतो तोवर त्याला काही आठवण धरता येत नाही. पण एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर तसल्या पंचवीस-तीस भागांपलीकडे मॅग्नेटाइटचा कण वाढला, की तो त्या क्षणीची दिशा धरून बसतो. यासाठी मोठ्या उष्णतेचीही गरज नाही. आणि ही नोंद ठळक, एकसारखी, सुवाच्य असते. माझ्या त्या मस्टरसारखी. पाहणाऱ्याला वाटते, किती छान टिकली आहे!

असे वाटल्याने भले भले कसे फसले, याची एक हकीकत आता सांगतो. ती अमेरिकेतली आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व कडेला ॲपलाचियन पर्वत आहे. १९७८ साली केंट आणि ऑप्डाइक या दोन संशोधकांनी पेनसिल्व्हेनियाकडच्या, कॅट्स्किल नावाच्या तांबड्या खडकांची चुंबकीय दिशा प्रसिद्ध केली. हे खडक डेव्होनियन काळातले, म्हणजे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे. न्यू इंग्लंड आणि कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या खडकांशी ही दिशा त्यांनी ताडून पाहिली. दोन्हींचा मेळ बसेना. किनाऱ्याचा पट्टा सुमारे १५ अंश, म्हणजे दीड हजार किलोमीटर, दक्षिणेला होता असे दिसू लागले. त्या पट्ट्याला 'अकेडिया' म्हणतात. तेव्हा तो सारा पट्टा पुढे खंडाच्या कडेने घसरत उत्तरेला आला असला पाहिजे, असा सिद्धांत मांडला गेला. त्यावर पुष्कळ लेख निघाले, नकाशे निघाले.

पण एवढी जमीन सरकली तर तिच्या सरकण्याची मोठी भेग जमिनीवर दिसायला हवी. ती कोणाला पटेल अशी दाखविता येईना. १९८४ साली आयर्विंग आणि स्ट्राँग यांनी न्यूफाउंडलंडच्या खडकांवरून सांगितले की असे सरकल्याचा पुरावा नाही. आणि १९८५ साली केंट आणि ऑप्डाइक या त्याच दोघांनी पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक नावाच्या तांबड्या खडकांची अधिक काटेकोर तपासणी प्रसिद्ध केली. त्या खडकांत एकावर एक अशा दोन नोंदी होत्या. वरची ठळक नोंद खूप नंतरची, पर्वत उभा राहण्याच्या काळातली होती. तिच्याखाली दबलेली जुनी नोंद त्यांनी वेगळी काढली, तेव्हा खंड आणि किनारा यांचा मेळ बसला. दीड हजार किलोमीटरची ती सफर कधी झालीच नव्हती. जो पट्टा सरकला असे वाटत होते तो जागच्या जागी होता. ज्या खडकांशी त्याची तुलना केली, त्यांचे मस्टर नंतरचे होते.

मला त्या दोघांचे कौतुक वाटते ते यासाठी. ज्यांनी सिद्धांत मांडला त्यांनीच तो मोडला, आणि तोही छापून मोडला. आम्हां चळवळीतल्या माणसांना हे किती जड जाते ते मी जाणतो. टाळ्या मिळालेले वाक्य परत घेणे हे नोकरी सोडण्याहून कठीण असते.

मग ती नंतरची नोंद लिहिली कोणी? तिकडच्या चुनखडकांतही अशाच नंतरच्या नोंदी सापडल्या होत्या. १९८३ साली मॅकेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की त्या चुनखडकांतले मॅग्नेटाइट मुळात तेथे नव्हतेच. ते नंतर वाढलेले होते. खडक निरनिराळ्या वयांचे असूनही या नोंदी बहुतांशी एकाच काळाकडे बोट दाखवीत होत्या. तो काळ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेला, चुंबकत्व दीर्घकाळ उलटे राहिले होते तो. ॲपलाचियन पर्वत शेवटचा दाबला जाऊन उभा राहिला तोही त्याच सुमारास. १९८६ साली जॅक ऑलिव्हर यांनी कल्पना मांडली, की दोन खंड एकमेकांवर दाबले जाताना मधल्या थरांतले गरम, खारे पाणी ओल्या फडक्यातून पिळावे तसे पिळून खंडाच्या आत लोटले गेले. त्याने वाटेत शिसे-जस्ताची खनिजे साठविली, तेल ढकलले आणि खडकांची चुंबकीय नोंदही बदलली. सगळीकडे बाहेरचे पाणीच कारण होते असे नाही. काही ठिकाणी खडकातल्या चिकणमातीचे स्वरूप खोलवरच्या उष्णतेने बदलूनही नवे मॅग्नेटाइट तयार झाले, असे पुढच्या संशोधनात दिसले. पण नोंद नंतरची, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

आता तुम्ही विचाराल, जुनी नोंद आणि नंतरची नोंद ओळखायची कशी? त्याच्या युक्त्या साध्या आहेत आणि मला त्या फार आवडतात, कारण त्या उलटतपासणीच्या युक्त्या आहेत. त्यातल्या दोन जॉन ग्रॅहॅम यांनी १९४९ साली मांडल्या. पहिली घडीची कसोटी. खडकाचे थर दाबाने घडीसारखे वाकले असतील, तर घडीच्या दोन्ही बाजूंचे नमुने घ्यावेत आणि कागदावर थर पुन्हा सपाट करावेत. सपाट केल्यावर सगळ्यांच्या दिशा एक झाल्या, तर नोंद घडी पडण्यापूर्वीची. उलट, वाकलेल्या स्थितीतच त्या एक असतील, तर नोंद घडी पडल्यानंतरची. दुसरी गोट्यांची कसोटी. जुना खडक फुटून त्याचे गोटे नदीत वाहिले आणि पुन्हा एका थरात चिणले गेले, तर त्यांच्यातल्या दिशा अस्ताव्यस्त असल्या पाहिजेत. सगळे गोटे एकाच दिशेला बोट दाखवू लागले, तर समजावे की त्यांची साक्ष मागाहून पढविलेली आहे. कामगार न्यायालयात दहा साक्षीदार शब्दशः एकच बोलू लागले की न्यायाधीश चष्मा वर करतात, तसेच हे. तिसरी भाजलेल्या कडेची कसोटी. नवा तप्त रस जुन्या खडकात शिरला, तर कडेचा भाजलेला खडक आणि तो रस यांची दिशा एक, आणि दूरचा न भाजलेला खडक वेगळा, असे आढळले पाहिजे. दूरचाही तसाच निघाला, तर सगळ्यांवरूनच नंतर काहीतरी फिरले आहे.

याखेरीज प्रयोगशाळेत नोंद थरथराने उतरवितात. कांडी थोडी तापवायची, चुंबकक्षेत्र नसलेल्या जागी निववायची, मोजायची. पुन्हा थोडी अधिक तापवायची. अलीकडची कच्ची आठवण आधी गळते, पक्की मागाहून. चुंबकाच्या उलटसुलट फेऱ्यांनीही हे करता येते. आमच्या डीमॅग्नेटायझरचेच ते तत्त्व. मात्र पाण्याने जन्माला घातलेला नवा हेमॅटाइट फार पक्का असतो. तो शेवटपर्यंत टिकतो आणि 'मीच मूळचा' असे सांगतो. म्हणून भट्टीवर भिस्त न ठेवता सूक्ष्मदर्शकाखाली तो कण कोठे बसला आहे, भेगेत की अखंड स्फटिकाच्या पोटात, हेही पाहावे लागते.

ही सारी उठाठेव कशासाठी, असे कोणी म्हणेल. एक उदाहरण देतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स येथे झिर्कॉन खनिजाचे वाळूच्या कणाएवढे स्फटिक सापडतात. त्यातले सर्वांत जुने सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत. पृथ्वीवरच तयार झालेले इतके जुने दुसरे खनिज सापडलेले नाही. २०१५ साली टार्डुनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले, की यातल्या काही स्फटिकांत ४२० कोटी वर्षांपर्यंतची चुंबकीय नोंद आहे. पृथ्वीचे चुंबकत्व सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्याला अडविते. म्हणून ते केव्हा सुरू झाले, हा प्रश्न हवा, पाणी आणि जीव यांच्या इतिहासाचा प्रश्न आहे. पण २०१८ साली वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. त्यांना या झिर्कॉनमधले मॅग्नेटाइट भेगांत आणि बिघडलेल्या जागी, म्हणजे नंतर शिरलेल्या द्रवाने आणून ठेवल्यासारखे दिसले. दोन्ही बाजूंनी पुढेही लेख येत राहिले, आणि हा वाद अजून मिटलेला नाही. जगाच्या पहिल्या पानावर काय लिहिले होते, हा वाद एका बारीक भेगेत पाणी केव्हा शिरले यावर येऊन थांबला आहे. २०२४ साली ग्रीनलंडमधल्या इसुआच्या खडकांवरून ३७० कोटी वर्षांपूर्वीच्या चुंबकक्षेत्राची नोंद सांगितली गेली. तेथेही संशोधकांचा सर्वांत अधिक श्रम, नंतरच्या तापण्याने ही नोंद पुसली गेली नाही हे दाखविण्यावर खर्च झाला.

एवढे ऐकून दगडावरचा तुमचा विश्वास उडाला असेल, तर मी वाईट वकील ठरलो. नंतरची नोंद ही फुकट गेलेली नोंद नव्हे. अमेरिकेच्या मिझुरी राज्यात व्हायबर्नम नावाचा शिशाच्या खाणींचा पट्टा आहे. तेथले खडक कॅम्ब्रियन काळातले, सुमारे ५० कोटी वर्षांचे. त्यांत शिसे केव्हा आले, हे सांगणे कठीण होते. १९८१ साली वू आणि बील्स यांनी तेथल्या खनिजाची चुंबकीय दिशा मोजली, आणि ती सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या काळाशी जुळली. ज्या पाण्याने खडकाची मूळ साक्ष बिघडविली, त्याच पाण्याने आपण केव्हा येऊन गेलो याची तारीख टाकून ठेवली. शेवटचे पान उलटून पाहणारा माणूस मात्र हवा.

दख्खनच्या कातळाचेही असेच आहे. १९५६ सालच्या त्या पहिल्या मोजमापांनंतर नोंद थरथराने साफ करण्याच्या रीती रूढ झाल्या, आणि आपल्याकडच्या व बाहेरच्या संशोधकांनी हे थर पुन्हा पुन्हा तपासले. काही नमुन्यांत आजच्या काळाची, उत्तरेला खाली झुकणारी कच्ची नोंद वर चढलेली असते. ती उतरविली की खालची जुनी रेघ दिसते. भारत दक्षिणेतून आला, हा निष्कर्ष टिकला, कारण त्याची उलटतपासणी झाली. ज्या साक्षीची उलटतपासणीच झालेली नाही, ती खरी असली तरी तिच्यावर निकाल देता येत नाही.

त्या दिवशी खाणीतून जाताना प्राध्यापिकांनी बद्द वाजणाऱ्या दगडाचीही एक कांडी घेतली आणि तिच्यावर वेगळी खूण केली. मिस्त्रींनी विचारले, "तो कुजका कशाला नेताय?" त्या म्हणाल्या, "बाबा, चांगला दगड सांगेल लाव्हा केव्हा आला ते. पाणी केव्हा आलं ते हाच सांगेल, सांगितलं तर." मिस्त्रींनी मान हलविली आणि तिच्या जागी आणखी एक कांडी काढायला स्वतः जागा दाखविली.

मी मात्र त्या कारकुनाच्या गावाचा पत्ता अजून शोधतो आहे. सभेतली माफी ज्याची होती त्याच्यापर्यंत पोचलेली नाही.